उपासाचं सैंधव

अण्णा आचाऱ्यांची आणि माझी ओळख भांडणानं झाली, आणि चूक सर्वस्वी त्यांची होती, हे मी आजही म्हणेन.

मी नुकताच नासिकच्या एका हायस्कुलात इतिहास शिकवायला लागलो होतो. पंचवटीत एका सहकाऱ्याच्या मुलाची मुंज होती. पानं वाढून झाली होती, श्लोक म्हणून झाले होते, आपोष्णी घ्यायची तेवढी राहिली होती. एवढ्यात वाढप्यांच्या मागून एक धिप्पाड गृहस्थ आला. कमरेला पंचा, हातात रिकामी पळी. तो पानांकडे बघतच नव्हता, पाहुण्यांची तोंडं बघत चालला होता. माझ्यासमोर थांबला, वाकला आणि म्हणाला, "रात्री खोकल्यानं झोप नाही ना?" झोप नव्हती हे खरं, पण ते चारचौघांत सांगायचं मला काही कारण नव्हतं. मी तोंड उघडायच्या आत त्यानं माझ्या पानातला श्रीखंडाचा द्रोण उचलला, वाढप्याच्या हातात दिला आणि "ह्यांना सुंठीची वडी आणा रे" म्हणून पुढे चालता झाला. शेजारचे लोक खो खो हसले. पाहुण्याच्या पानातलं पक्वान्न उचलणारा आचारी मी जन्मात पाहिला नव्हता. जेवण झाल्यावर मी यजमानांकडे तणतणत गेलो, तर ते म्हणाले, "अहो, ते अण्णा. त्यांच्या पंगतीला बसायचं तर आधी तब्येत बरी करून यावं लागतं."

पुढे नशीब असं की मला बिऱ्हाड मिळालं ते नेमकं अण्णांच्या भिंतीला भिंत लावून. मी, माझी आई आणि माझी पत्नी असे आम्ही तिघं अलीकडे. पलीकडे अण्णा आणि त्यांची मुलगी वत्सला. तिची आई बाळंतरोगानं गेली तेव्हा वत्सला पाळण्यात होती. अण्णांनी दुसरं लग्न केलं नाही. लोकांनी विचारलं की म्हणायचे, "स्वयंपाक मला येतो, पोर मला आहे. आता बायको आणून तिला काय नुसतं बसवून ठेवू?"

भिंत पातळ होती, त्यामुळे अण्णांची शास्त्रं मला फुकटात ऐकायला मिळत. कुणाचं पोट दुखलं, कुणाचा दात ठणकला, कुणाचं मूल किरकिरलं की गल्लीतली माणसं आधी अण्णांच्या दारात. ते औषध म्हणून वेगळं काही देत नसत. मिसळणाचा डबा उघडायचा आणि त्यातलंच काहीतरी पुडीत बांधायचं. ओवा, धने, सुंठ, हिंग. "हळद लावावी, ओवा चघळावा, हिंग बेंबीत भरावा. एवढं ज्याला कळलं त्याला निम्मे डॉक्टर लागत नाहीत," असं ते म्हणत. उरलेल्या निम्म्यांबद्दल विचारलं तर म्हणत, "ते जायफळ जास्त घालणाऱ्यांसाठी." जायफळावर त्यांचा राग होता. एका लग्नात कुणा हौशी बाईनं बासुंदीत मूठभर जायफळ किसलं आणि निम्मं वऱ्हाड दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठेना, तेव्हापासून जायफळ ते स्वतःच्या कनवटीला ठेवत.

पंगत उठली की यजमान विचारणार, "अण्णा, लोक खूश आहेत, ऐकलंत ना?" त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "आज सांगू नका. उद्या सकाळी सांगा. पोट खूश असलं तर सांगा." पटकीची साथ असली की ते कोशिंबीर करायचे नाहीत, ताक वाढायचे नाहीत, पिण्याचं पाणी स्वतः उकळून घ्यायचे. एका सावकारानं ताकावाचून पंगत म्हणजे अपमान म्हणून आरडाओरडा केला, तर अण्णा चुलीवरची भांडी तशीच टाकून घरी आले. वत्सलानं दारातच विचारलं, "आज कोणाचं पान काढलंत?" ती त्यांना अशीच चिडवायची. "अण्णा, माणसं जेवायला येतात हो, नाडी दाखवायला नाही येत." हे ऐकून अण्णा जे हसत ते भिंतीला कान न लावता ऐकू येई.

ती चौदा वर्षांची असताना पावसाळ्यात तिच्या अंगावर खरूज उठली. गल्लीतल्या सगळ्याच मुलांना झाली होती, कडुनिंबाच्या पाल्यानं बरीही झाली. दिवाळीच्या सुमारास एका सकाळी वत्सला पाणी भरायला आली तेव्हा माझी पत्नी म्हणाली, "काय गं, रडलीस का रात्री?" डोळ्यांखाली पिशव्या आल्या होत्या. वत्सला म्हणाली, "नाही वहिनी, झोप जास्त झाली." पुढच्या आठवड्यात तिच्या पैंजणाचा वळ पायावर उमटायला लागला. बोटानं दाबलं की खळगा पडायचा आणि तो भरायला वेळ लागायचा.

अण्णांनी डबा उघडला. धन्याचं पाणी झालं, गोखरूचा काढा झाला, सुजेवर घेटुळीची भाजी तर रोज. गल्लीतल्या प्रत्येकाला ज्यानं पुडी बांधून दिली त्या माणसाच्या हाताला स्वतःच्या पोरीच्या वेळी गुण येईना. मला तो चेहरा बघवत नसे. शेवटी मीच म्हटलं, "अण्णा, मेन रोडवर डॉक्टर आहेत, माझ्या माहितीतले. टांगा आणतो." अण्णा एका शब्दानंही 'नको' म्हणाले नाहीत, तेव्हा मी घाबरलो.

डॉक्टर तरुण होते, जरा तुटक बोलणारे. त्यांनी लघवी तापवून पाहिली, छाती ऐकली आणि सांगितलं की मूत्रपिंडं सुजली आहेत. औषध देतो, पण खरं औषध एकच. "मीठ बंद. चवीपुरतंही नाही. लोणचं नाही, पापड नाही. अंगात पाणी साठतंय ते मिठामुळे. हिला मीठ म्हणजे विष समजा." अण्णांनी हात जोडले. "मीठ ना? आजपासून घरात मीठ नाही." बाहेर येऊन टांग्यात बसल्यावर मला म्हणाले, "मास्तर, मी तर भ्यालो होतो. हे तर आपल्याच खात्यातलं निघालं." जिवात जीव आला होता त्यांच्या.

त्या हिवाळ्यात अण्णांनी जो स्वयंपाक केला तसा कुठल्या राजाकडेही झाला नसेल. अळणी पदार्थाला चव आणायची म्हणून त्यांनी काय नाही केलं? लिंबू, आमसूल, भाजलेलं जिरं, आल्याचा रस, कोवळी चिंच. घराण्यात लसूण नव्हती, ती आणली. मुलीबरोबर ते स्वतःही अळणीच जेवायचे. सूज उतरली. माघ महिन्यात वत्सलाच्या पायाची हाडं पुन्हा दिसायला लागली आणि डॉक्टरांनी पहिल्यांदा हसून तिच्या पाठीवर थाप दिली. पण पोरीचं खाणं सुटलं. पहिले काही दिवस ती हौसेनं जेवली, मग घास तोंडात घोळवायला लागली, मग ताट बाजूला सारायला लागली. तिला सगळ्यांत काय आवडायचं, तर मऊ भात, मेतकूट, तूप आणि वर मिठाचा कण. मिठावाचून मेतकूट-भात तिनं एकदा तोंडात घेतला आणि ओकून टाकला. मग बाप ताटापाशी आणि लेक भिंतीकडे तोंड करून बसलेली.

नेमकं ते मिठाच्या सत्याग्रहाचं वर्ष. चैत्र-वैशाखात गावात मिठावाचून दुसरा विषय नव्हता. मिरवणुका निघायच्या, 'मीठ' हा शब्द दिवसातून शंभरदा गल्लीतून जायचा. मुली घरोघर सत्याग्रहाच्या मिठाच्या चिमूटभर पुड्या वाटत होत्या आणि लोक ते मीठ प्रसादासारखं जिभेवर ठेवत होते. मुली अण्णांच्या दाराशी आल्या तशा मी त्यांना हातानं पुढे जा म्हणून खुणावलं. वत्सलानं पाहिलं. उंबऱ्यात येऊन म्हणाली, "काका, मी खाणार नाही. नुसती हातात धरते." मुलींनी पुडी दिली. तिनं ती उघडली, नाकाशी नेली, पुन्हा घडी घालून परत केली. माझ्या पत्नीनं डोळ्याला पदर लावला. मी शाळेत जायला निघालो होतो, तो घरात जाऊन उगाच पुस्तकं लावत बसलो.

ज्येष्ठातल्या एकादशीला आई आमच्या चुलीपाशी बसून शेंगदाण्याची आमटी ढवळत होती. तिनं सवयीनं दळलेलं सैंधव घातलं. अण्णा दारात उभे होते. ते त्या हाताकडे बघत राहिले आणि म्हणाले, "काकू, उपासाला मीठ चालत नाही."

"नाहीच चालत," आई म्हणाली.

"मग हे?"

"हे सैंधव. हे कसलं मीठ, हे तर औषधी. आजारी माणसाला वैद्य देतातच की."

 मी अण्णांचा चेहरा पाहिला. पोरीच्या दुखण्यापासून तो इतका उजळलेला मी पाहिला नव्हता. आमच्यापैकी कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. कसं वाटावं? पिढ्यान्‌पिढ्या बायकांनी उपास केले ते सैंधव घालून. जे खाऊन देवाचा उपास मोडत नाही ते मीठ नव्हे, हे आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्याच दिवशी भिंतीपलीकडून ताटाचा आवाज आला, आणि मग वत्सलाचा, "अण्णा, अजून आहे का?"

ते महिनाभराचे दिवस त्या घरातले शेवटचे सुखाचे दिवस. वत्सला दोन वेळा जेवायची. गालावर रंग आला. अण्णा पुन्हा पंगतींना जायला लागले, पुन्हा लोकांच्या पानांतले द्रोण उचलायला लागले. मला म्हणाले, "मास्तर, पोराला भूक लागली की बापाला झोप लागते." मला तेव्हा मूल नव्हतं. तरी कळलं.

आषाढात सूज परत आली. या वेळी पायांपासून नाही, सगळीकडूनच. चेहरा, हात, पोट. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "मीठ कुणी दिलं हिला?"

अण्णा म्हणाले, "कुणी नाही."

"शेजारीपाजारी? लोणच्याची फोड? लपूनछपून?"

"डॉक्टरसाहेब," अण्णांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, "हिची शपथ. मिठाचा एक खडा माझ्या घरात नाही." ते खोटं बोलत नव्हते. शपथ घेताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही आणि डॉक्टरांनी विश्वास ठेवला. मीही ठेवला. डॉक्टरांना वाटलं, दुखणं हाताबाहेर चाललं. त्यांनी औषध बदललं, पाणी मोजून द्यायला सांगितलं, डाळ बंद केली. अण्णांनी सगळं पाळलं. पाणी पळीनं द्यायचे. पोर तहानेनं ओठ चाटायची आणि हा दांडगा माणूस पळी हातात घेऊन रडायचा. नवस बोलून झाले, काळ्या रामाला प्रदक्षिणा झाल्या. आणि एवढं सगळं तोडल्यावर पोरीच्या तोंडी लागणारा जो एक घास उरला होता, मऊ भाताचा, तो तेवढा चवीनं जावा म्हणून त्यात ते सैंधवाची चिमूट घालत. 

शेवटी तिला टांग्यात बसवणंही अशक्य झालं, तेव्हा मी डॉक्टरांना घरी घेऊन आलो. दुपारची वेळ होती. वत्सलाला उशांना टेकवून बसवलं होतं आणि अण्णा भरवत होते. डॉक्टर दारातच थांबले. थोडा वेळ नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "अळणी भात इतक्या आवडीनं खाणारा रोगी मी अजून पाहिलेला नाही." आणि हात पुढे केला. "जरा मला द्या बघू."

अण्णा सोवळ्यात होते. त्यांनी वरूनच डॉक्टरांच्या तळहातावर भाताचं शीत टाकलं. डॉक्टरांनी ते जिभेवर ठेवलं.

"यात मीठ आहे."

"नाही हो, साहेब."

"अण्णा, मला काय चव कळत नाही?"

"ते सैंधव आहे," अण्णा म्हणाले. अगदी समजावल्यासारखं म्हणाले. "उपासाचं."

डॉक्टर तुटक बोलणारे, तापट. मला वाटलं, आता हे फाडून खाणार. पण ते जमिनीवर मांडी घालून बसले.  मग हळू म्हणाले, "अहो अण्णा, खाणीतलं काय नि समुद्रातलं काय. मीठ ते मीठच."

"पण एकादशीला चालतं ते."

"चालत असेल."

"मग देवाला जे चालतं ते—"  अण्णांनी हातातल्या वाटीकडे पाहिलं. मग वत्सलाकडे, तिच्या सुजलेल्या पापण्यांकडे, आणि मग स्वतःच्या उजव्या हाताकडे, ज्या हातानं शपथ घेतली होती. मी पुढे होऊन वाटी काढून घेतली नसती तर ती पडलीच असती. वत्सलाला सगळं कळलं होतं. ती म्हणाली, "अण्णा, जाऊ दे ना. मला काही होत नाहीये." श्वास लागत होता तिला, तीन शब्दांनंतर थांबत होती.

डॉक्टरांना बाहेर पोचवायला गेलो तेव्हा मी विचारलं, "सैंधवानंच झालं का हे?" ते म्हणाले, "मूत्रपिंडं आधीच दुबळी होती. मीठ नसतं तर बरी झाली असती असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण त्यांना हे सांगून उपयोग आहे का?" मूत्रपिंडं आधीच दुबळी होती, एवढंच मी येऊन अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "मास्तर, तुम्ही भले आहात." 

त्या दिवसापासून सैंधवाची बरणी गेली. वत्सला पुन्हा अळणी जेवायला लागली, आणि या वेळी एकदाही भिंतीकडे तोंड केलं नाही. जे समोर येईल ते खायची. घास गिळताना डोळे मिटायची, आणि उघडले की म्हणायची, "अण्णा, छान झालंय." रोज म्हणायची, प्रत्येक घासाला म्हणायची. अण्णा माझ्याकडे येऊन सांगत, "बघा, हळूहळू सवय होते जिभेला. मीच मूर्ख, मला धीर धरवला नाही." सूज थोडी उतरलीही. चार दिवस आम्ही सगळे आशेवर होतो. मग एक दिवस ताप भरला, छातीत पाणी झालं, आणि श्रावणातल्या एका सकाळी, गल्लीतल्या मुली मंगळागौरीची फुलं घेऊन जात असताना, वत्सला गेली. जाताना तिनं पाणी मागितलं होतं. अण्णांनी या वेळी पळीनं नाही, फुलपात्रानं पाजलं.

दहाव्याचं रामकुंडावर करायचं ठरलं. गोदावरीला गढूळ पाणी होतं, वरच्या पायऱ्या तेवढ्या मोकळ्या होत्या. या घाटावर अण्णांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या दहाव्या-बाराव्याचा स्वयंपाक केला होता. त्या दिवशी नैवेद्य रांधायला त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. पिंड ठेवला, शेजारी पानावर मऊ भात, मेतकूट आणि तूप ठेवलं, आणि आम्ही मागे सरलो. कावळे भिंतीवर ओळीनं बसले होते, पण एक खाली येईना. गुरुजी म्हणाले, "मुलीची काही इच्छा राहिली असेल, बोला." मी म्हणालो, "वत्सू, अण्णांना आम्ही सांभाळू." कावळे हलले नाहीत. माझा एक सहकारी काही बोलला, गुरुजी स्वतः काही बोलले. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला घेणार, एवढ्यात अण्णा उठले, पानापाशी गेले आणि वाकून, रोज तिला भरवताना बोलायचे त्याच आवाजात म्हणाले, "वत्से, खा गं. आज मीठ घातलंय."

ते मागे सरकायच्या आत कावळा उतरला. एक उतरला, त्याच्या मागून दुसरे आले, आणि पान क्षणात रिकामं झालं. सगळ्यांनी सुस्कारा सोडला. गुरुजींनी हात जोडले. कुणीतरी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालं, "तृप्त झाली हो पोर. सुटली."

अण्णा त्या रिकाम्या पानाकडे बघत खाली बसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "मास्तर, म्हणजे ती उपाशीच होती?"

 मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि घरी घेऊन आलो.